तारीख टेंटेटिव्ह आहे!

इंग्रजीशी माझं वैर नाही. स्टेशनला मी स्टेशनच म्हणतो आणि टेबलाला मेज म्हणणाऱ्यांकडे शक्यतो जेवायला जात नाही. पण टेंटेटिव्ह, फ्लेक्झिबल, प्रोव्हिजनल, फ्लुइड ही जी भुसभुशीत शब्दांची टोळी आपल्या घरात शिरली आहे, तिला एकदा धुळ्याच्या आग्रा रोडवर उभी करून जाब विचारावा, अशी माझी फार इच्छा आहे.

तसं घडलंही आहे. भाचीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. त्याचे वडील फोनवर म्हणाले, "एकोणीस तारीख धरून चला. अर्थात, टेंटेटिव्ह आहे हं!" मामाच्या कानांना 'एकोणीस' तेवढं ऐकू आलं. कार्यालयाला विसार दिला, आचारी ठरवला, खापरावरचे मांडे करणाऱ्या मावशींनाही सांगून आलो. आठवड्यानं फोन : "तारखेबाबत थोडं फ्लेक्झिबल राहू या." राहिलो. पुढचा फोन : "कार्यालयाचं प्रोव्हिजनल ठेवा." मी कार्यालयाच्या मालकाला हा शब्द ऐकवला, तर त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'विसार परत मिळणार नाही.'

आता मला सांगा, बदलणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ आहे का? लहरी, चंचल, धरसोड, तळ्यात-मळ्यात, अळवावरचं पाणी! पण हे शब्द माणसाला चिकटतात. 'व्याही लहरी आहेत' म्हटलं की व्याही सापडले. 'तारीख टेंटेटिव्ह आहे' म्हटलं की दोष तारखेचा. ती बिचारी कॅलेंडरात जागच्या जागी असते, हलतो तो माणूस. कुणी म्हणेल, 'तात्पुरता' आहे की! आहे ना. पण 'तात्पुरतं' म्हटलं की समोरचा लगेच 'कधीपर्यंत?' विचारतो. टेंटेटिव्हला असा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं मानतात.

या शब्दांची लॅटिन मुळं पाहा. टेंटेटिव्हच्या मुळाशी चाचपणं आहे, फ्लेक्झिबलच्या मुळाशी वाकणं आणि व्होलाटाइलच्या मुळाशी उडणं. 'आम्ही अजून चाचपतो आहोत, तोवर तुम्ही वाका, नंतर आम्ही उडू,' असं स्वच्छ सांगितलं असतं तर माझा विसार तरी वाचला असता. शब्दांची मुळं खणणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावात वारले. तो फोन घ्यायला ते हवे होते!

आणि याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून : अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि लिहून घ्यायला सानेगुरुजी. माणसं कैदेत, पहारा सरकारचा. 'पुढचा अध्याय टेंटेटिव्ह' म्हणायचा हक्क कुणाला असेलच, तर तो त्यांना होता. त्यांचा एक रविवार चुकला नाही. आणि आमच्या होऊ घातलेल्या व्याह्यांना मोकळ्या हवेत, हातात मोबाईल असून, एक तारीख उच्चारवेना.

परवा शेवटचा फोन आला. "सध्या सगळंच जरा फ्लुइड आहे." भाची शेजारीच बसली होती. महिनाभर ती कुणाशी धड बोललेली नव्हती. तिनं हळूच विचारलं, "मामा, फ्लुइड म्हणजे नाहीच ना?" मी चष्मा पुसत बसलो.

तेवढ्यात मांडेवाल्या मावशी दारात. त्यांना दुसऱ्या घरचं बोलावणं होतं. त्यांनी खान्देशी हिशेबानं एकच विचारलं, "भाऊ, लगीन शे का नही?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? "मावशी, अजून जरा टेंटेटिव्ह..."

आतून भाची म्हणाली, "नही, मावशी. तुम्ही दुसरीकडचं घ्या."