औषध पिणारी भिंत

नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासण्याची सक्ती अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नियम बदलले आणि ‘अवयव-चिप’सारख्या पर्यायांना वाट मोकळी केली. पाऊल स्वागतार्हच, पण या चिपच्या भिंतीकडे नियामकांचे लक्ष जायला हवे.

अवयव-चिप म्हणजे केसाइतक्या बारीक वाहिन्या असलेला लहानसा पारदर्शक तुकडा. त्यात माणसाच्या पेशी वाढवतात आणि पोषक द्रवातून त्यांना औषध देतात. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१० मध्ये असे ‘श्वास घेणारे’ फुप्फुस दाखवले. यातील बऱ्याच चिप ‘पीडीएमएस’ या सिलिकॉन रबराच्या असतात. ते लवचीक असते, घडवायला सोपे असते आणि पेशींना लागणारा प्राणवायू आरपार जाऊ देते. मात्र तेलात सहज विरघळणारे लहान रेणू ते शोषूनही घेते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्येच हे दाखवून दिले. बरीच औषधे नेमकी याच प्रकारची असतात.

समजा, औषधाचे १०० भाग सोडले आणि ४० भिंतीतच मुरले. पेशींना मिळाले ६०. अहवालात मात्र १००ची नोंद. अशा वेळी विषारी औषधही निरुपद्रवी ठरू शकते. मुरलेले औषध पुढे हळूहळू बाहेर झिरपते, तो घोटाळा वेगळाच.

यावर उपाय म्हणजे वाहिनीला आतून संरक्षक अस्तर देणे. काचेसारख्या थराची पद्धत २००८ मध्ये मांडली गेली. पॅरिलीनचा पातळ थर वाफेतून बसवता येतो. पण प्रत्येक अस्तराची किंमत मोजावी लागते. काचेसारखा थर ताण पडला की तडकतो, तर पॅरिलीन प्राणवायूचीही वाट अडवते. त्यामुळे एकच अस्तर सर्व चिपना चालणार नाही.

म्हणूनच नियामकांनी एक साधी अट घालावी. प्रत्येक औषध आधी पेशी नसलेल्या चिपमधून सोडावे आणि किती आत गेले, किती बाहेर आले, हे मोजावे. चिपच्या आतील अस्तर कोणते आणि चाचणीनंतर ते शाबूत होते का, हेही अहवालात लिहावे. प्राण्यांचा जीव वाचवणारी चाचणी रुग्णाच्या जिवावर बेतू नये, यासाठी एवढा हिशेब अनिवार्यच हवा.