चिमुकल्यांचे सामर्थ्य

सह्याद्रीतील वृक्षांना चार महिने मुसळधार पाऊस झोडपतो आणि उन्हाळ्यात त्यांची साल कोरडी ठणठणीत होते. अशा सालीवर वाढणारे जीव दुबळे असतील, असे कोण म्हणेल?

सालीवरच्या शेवाळासारख्या जागी जगभर एक चिमुकला प्राणी राहतो. त्याचे नाव जलअस्वल. त्याची लांबी बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी असते. ओलावा सरला की तो आपले आठही पाय आत ओढून घेतो, अंगातील जवळजवळ सर्व पाणी सोडतो आणि निपचित पडून राहतो. पाणी मिळताच तो पुन्हा हालचाल करू लागतो. २००७ साली अशी सुकलेली जलअस्वले अवकाशात पाठविण्यात आली, तेव्हा तेथील निर्वात पोकळी सोसूनही त्यांतील पुष्कळ जिवंत राहिली.

त्याच सालीवर 'सीतेची वेणी' ही आमरी फुलते. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका बोंडात हजारो बिया असतात. परंतु अंकुरासाठी अन्नाची शिदोरी त्यांत नसते. सूक्ष्म बुरशीची साथ मिळाली तरच असे बी रुजते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली दाखविले. मोठेपणी आमरीच्या मुळांवरील पांढरे, स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी चटकन शोषून घेते.

अशी आमरी रानातून ओरबाडून अंगणात आणणे, हा छंद नव्हे; ती लूट होय. रोप उपटले की मुळे तुटतात आणि बुरशी व साल मागेच राहते. रानातील फूल वाया जाते, असे काहीजण म्हणतात. पण त्याच फुलातून पुढची पिढी जन्मास येते. शिवाय आता चोरीची गरजही उरलेली नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ साली साखर व क्षार यांच्या मिश्रणावर आमरीचे बी बुरशीवाचून रुजविले. त्यामुळे प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे आज रोपवाटिकांतून मिळतात.

ती वाढविणाऱ्याने मात्र संयम शिकावा. झाडावर वाढणाऱ्या आमरीला माती नको. कोळसा व विटांचे तुकडे पुरेत. मुळे सुकल्यावरच पाणी द्यावे; सतत ओली राहिली तर ती कुजतात. कडक उन्हाळा सोसणारी आमरी अतिलाडाने मरते. तिच्यावर खरे प्रेम करणाऱ्याने तिची गरज ओळखावी आणि रानातली आमरी रानातच फुलू द्यावी.