खर्जाचा कैवार

एखाद्या वाद्याची अवहेलना केवळ त्याच्या आकारावरून व्हावी, हे संगीताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला शोभत नाही. तरीही ती होते, आणि ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या घरातील एका तरुणाने साठवलेल्या पैशांतून एक छोटा ॲनालॉग बास सिंथेसायझर घेतला आणि मोठ्या उमेदीने तो गायनवृंदाच्या सरावाला नेला. "हे खेळणे घरी ठेवून ये, इथे डिस्को चालायचा नाही," असे त्याला ऐकावे लागले. बोलणाऱ्याचे नाव आम्ही घेणार नाही, कारण हे मत त्या एका व्यक्तीचे नाही. त्याच सायंकाळी मोठ्या कीबोर्डवरचे एक बटण दाबले गेले आणि ड्रम, गिटार, बास असा सारा तयार ताफा यंत्रातून आपोआप वाजू लागला. त्यावर मात्र कोणाची हरकत नव्हती! या विसंगतीविषयीच आम्हांला चार शब्द बोलायचे आहेत.

प्रथम त्या बिचाऱ्या खेळण्याची ओळख करून देऊ. कोर्ग या जपानी कंपनीने २०१३ साली 'व्होल्का बास' नावाचे हे वाद्य बाजारात आणले. लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, रुंदी साडेअकरा. म्हणजे जाडशा प्रार्थनापुस्तकाएवढे. ते सहा पेन्सिल सेलवर चालते. तेव्हाची किंमत होती सुमारे १५० डॉलर. त्याच्या पोटात कोणाच्याही वाद्याचे ध्वनिमुद्रण साठवलेले नाही. तीन आंदोलक विजेच्या लहरी निर्माण करतात, करवतीच्या दात्यांसारख्या किंवा चौकोनी. तिन्ही एकाच स्वरावर आणून मग किंचित सरकवले की स्वर भरदार होतो. पुढे एक गाळणी असते. ती लहरींतील वरचे तीव्र अंश कापते, आणि किती कापायचे ते वादकाचा हात ठरवतो. स्वर कसा उठावा, कसा विरावा, हेही त्यानेच ठरवायचे. शिवाय ॲनालॉग आंदोलकाचा स्वर उष्णतेने हलू शकतो. तंबोरा वाजवणारा जसा आधी जुळवायला बसतो, तसेच येथेही कान लावून बसावे लागते. ज्याला कान नाही, त्याला हे वाद्य काहीही देत नाही.

आता खर्जाविषयी. आमच्या गायनवृंदांतून बासचा आवाज ओसरत चालला आहे, हे कोण नाकारील? सोप्रानो भरपूर आहेत, आल्टो कशाबशा मिळतात. पुरुषमंडळी मात्र मागच्या बाकावर बसून स्त्रियांचीच चाल एक सप्तक खाली गातात. चार आवाजांसाठी रचलेले स्तोत्र मग पाया नसलेल्या घरासारखे उभे राहते. बारोक काळात ऑर्गनवादकापुढे पुष्कळदा खर्जाची एकच ओळ आणि तिच्यावर काही आकडे असत. तेवढ्यावरून तो सारी स्वरसंगती उभी करी. खर्ज कळला की संगीताची बांधणी कळते. या छोट्या वाद्यावर वाजवायची असते ती एका वेळी एकच ओळ. ती वाजवणाऱ्या मुलाला स्वतःला विचारावे लागते: येथे कोणता स्वर? किती वेळ? आणि कोठे गप्प बसावे? हे प्रश्न पडणे म्हणजेच संगीताचे शिक्षण.

याच्या उलट त्या बटणाकडे पाहा. डाव्या हाताने एक-दोन सुरांवर बोट ठेवले की यंत्र स्वतःच साथ रचते. कोणी परक्या देशातील तंत्रज्ञाने भरून ठेवलेला तोच ठेका, तोच बास, नाताळच्या मध्यरात्री आणि उपवासकाळातल्या शुक्रवारीही! गाणारी मंडळी थकली तरी यंत्र थांबत नाही. धर्मगुरू वेदीपाशी पोहोचले तरी त्याला कळत नाही. उपासनासंगीताविषयी रोमहून सप्टेंबर १९५८ मध्ये निघालेल्या सूचनापत्रात स्वयंचलित ऑर्गन, ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रक अशा यंत्रांना उपासनेत साफ मनाई केली होती. त्याच पत्राने पाईप ऑर्गन परवडत नसेल तेथे बिशपस्वामींच्या परवानगीने इलेक्ट्रॉनिक ऑर्गन तात्पुरता चालवून घेतला होता. त्यानंतर उपासनेचे नियम पुष्कळ बदलले. पण त्या भेदामागचा विचार आम्हांला आजही पटतो. आक्षेप विजेला नव्हता, माणसाच्या अनुपस्थितीला होता. आम्ही मात्र विजेच्या छोट्या वाद्याला दारात अडवले आणि माणसाच्या अनुपस्थितीला वेदीजवळ मानाची जागा दिली.

"पण हे वाद्य नाचगाण्याचे आहे," असे कोणी म्हणेल. वाचकहो, ज्या ऑर्गनला आपण पवित्र मानतो, त्याचे कुळ कोणते? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला, आणि रोमन आखाड्यांत रक्तरंजित खेळांच्या वेळी तो वाजे. ख्रिस्तमंदिरात त्याचा प्रवेश कितीतरी शतकांनंतरचा. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोलाही बंदी केली होती. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात पाईप ऑर्गनचा मान राखूनच इतर वाद्यांना वाट मोकळी केली. अट एवढीच, की ती पवित्र कार्याला योग्य असावीत वा तशी करता यावीत, मंदिराची प्रतिष्ठा राखावीत, भाविकांच्या उन्नतीला साहाय्य करावीत आणि अधिकाऱ्यांची संमती असावी. यात आकाराची अट आम्हांला तरी कोठे दिसली नाही.

ऑर्गनचे नाते तर याहून जवळचे आहे. ऑर्गनचे स्वर नळीच्या लांबीवरून फुटांत मोजतात. सोळा फुटांची उघडी नळी सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा खर्ज देते. १९७० साली आलेल्या मिनीमूग या प्रसिद्ध सिंथेसायझरच्या नॉबभोवती हेच फुटांचे आकडे छापलेले होते: ३२, १६, ८, ४, २. आत एकही नळी नाही, पण पूर्वजाचे माप मुलाने टाकलेले नाही.

आणि डिस्कोचा डाग? त्याची कथाही ऐकण्याजोगी आहे. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनले होते. ते खपले नाही. १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले तेव्हा शिकागोच्या तरुणांनी ते उचलले आणि १९८७ मध्ये त्यातून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच निघाला. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने याच यंत्राच्या साथीने दहा रागांची तबकडी काढली होती. तीही तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाले आणि जग थक्क झाले. ठेका डिस्कोचा होता, हे खरे. पण राग भैरवही त्याच तबकडीत होता. यंत्राला जात नसते. त्यातून काय निघावे, हे हात ठरवतो.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे, ते आम्ही मान्य करतो. या छोट्या वाद्यातही सोळा टप्प्यांची आवर्तने आपोआप वाजवण्याची सोय आहे. ती घरी सरावाला ठीक, उपासनेत नको. अन्यथा आमचाच युक्तिवाद आमच्यावर उलटेल. त्याची स्पर्शपट्टी बोटांना अपुरी पडते, म्हणून मिडी तारेने साधा कीबोर्ड जोडावा. त्याच्या आतला स्पीकर इतका लहान, की त्यातून खर्ज धड ऐकूच येत नाही. मोठा स्पीकर लागतो. आणि तो मिळाला की दुसरा धोका: खर्ज वाढवण्याचा मोह आवरत नाही. ज्या बासने देवशब्द बुडवला, तो बास आम्हांलाही नको. पण या साऱ्यावर उपाय शिकवण आहे. हाकलून देणे हा उपाय नव्हे.

कारण येथे पणाला लागले आहे ते एक वाद्य नाही. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. तेथे तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद समृद्ध केले. ती माणसे चर्चने घडवली, कारण कोणीतरी त्यांच्या हाती वाद्य दिले आणि चुकांसह त्यांना वाजवू दिले. आज आमचा मुलगा आपण होऊन वाद्य घेऊन येतो, आणि आम्ही त्याला दारातून परत पाठवतो. तो पुन्हा येईलच, असे आम्ही कशाच्या भरवशावर धरून चालतो?

गायनवृंदाच्या प्रमुखांना आमची नम्र पण स्पष्ट विनंती आहे. धर्मगुरूंची संमती घ्या. एका स्तोत्राची बासची ओळ त्या मुलाला लिहून द्या. चार रविवार ते बटण बंद ठेवा आणि मागच्या बाकावरच्या पुरुषांना त्याच्या शेजारी उभे करून तीच ओळ गायला लावा. पाचव्या रविवारी तुम्हांला आमचे म्हणणे चुकीचे वाटले, तर ते वाद्य आम्ही स्वतः उचलून घरी नेऊ.