वसियतीतला न लिहिलेला ‘जर’

गेल्या महिन्यात एक तरुण विधवा मुलीचा हात धरून माझ्याकडे आली. पिशवीतून तिने स्टॅम्प पेपर काढला. आजेसासऱ्यांची वसियत. शिवणकाम करून घर उभे केलेल्या या गृहस्थांचा थोरला मुलगा लवकर वारला. धाकटा हयात असल्यामुळे हनफी वारसा नियमांनुसार थोरल्याच्या मुलाला काहीच मिळणार नव्हते. म्हणून आजोबांनी मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा या नातवाच्या नावे लिहिला. नातू वारस नव्हता आणि हिस्सा मर्यादेत होता, त्यामुळे वसियत बिनचूक होती.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत तो नातूच गेला. आजोबा तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणावर होते, वाचा गेली होती. चार महिन्यांनी तेही गेले. कागद तसाच राहिला. “आता माझ्या मुलीसाठी कोर्ट काही करेल का?” एवढेच तिला विचारायचे होते.

मला ‘नाही’ म्हणावे लागले.

न्यायालय मृत्युपत्राचा अर्थ लावते. ‘नवनीतलाल विरुद्ध गोकुळ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले आहे की, मृत्युपत्र करणाऱ्याच्या खुर्चीत बसून, त्याची परिस्थिती आणि नातीगोती लक्षात घेऊन त्याचे शब्द वाचावेत. नाव चुकले, वर्णन संदिग्ध असले, तर या मार्गाने तोडगा निघतो. पण जे लिहिलेलेच नाही ते न्यायाधीश लिहू शकत नाहीत. आजोबांना पणतीला द्यायचेच असणार, हे आपल्याला कितीही पटले तरी तो अंदाजच. असे अंदाज कोर्ट करू लागले तर कोणाचेच मृत्युपत्र सुरक्षित राहणार नाही.

मात्र कोर्टाला जे जमत नाही ते कायदा करू शकतो. भारतीय वारसा कायदा, १९२५ पाहा. ज्याला द्यायचे तो आधीच वारला तर देणगी रद्द होते, हा कलम १०५चा सर्वसाधारण नियम. पण तो मृत्युपत्र करणाऱ्याचा मुलगा, मुलगी किंवा नातवंड असेल आणि त्याचे मूल हयात असेल, तर कलम १०९नुसार देणगी टिकते. हिंदू, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना हा आधार आहे. कलम ५८ने मुस्लिमांना या तरतुदींबाहेर ठेवले आहे. आजोबा शेजारच्या हिंदू घरातले असते, तर या मुलीला हिस्सा मिळाला असता.

‘शरियतमध्ये बदल नाही’ असे आपल्याला ऐकवले जाते. पण शिया कायद्यात अशी वसियत रद्द केलेली नसेल तर मृताच्या वारसांकडे जाते. अनाथ नातवंडांसाठी इजिप्तने १९४६ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये कायद्याने वाट काढली. ती भारतातल्या मुस्लिमांसाठी का निघू नये? ही मागणी आपणच केली पाहिजे.

तोवर आपल्या हातातले करू या. वसियत तोंडीही चालते, पण लेखीच करा. ‘अमुक माझ्या आधी वारल्यास त्याचा हिस्सा त्याच्या हयात मुलांना’ हे वाक्य त्यात घाला. अशी पर्यायी वसियत आपल्या कायद्यात ग्राह्य आहे. घरात जन्म, लग्न वा मृत्यू झाला की कागद पुन्हा वाचा. शक्य असेल तर हयातीतच हिबा करून ताबा द्या.

त्या मुलीचे काय? पुढच्या आठवड्यात मी तिच्या चुलत आजोबांना भेटणार आहे. वाटणीच्या वेळी हजर असलेल्या नातेवाइकांना, अनाथांना त्यातून काही द्या, असे सूरह निसा सांगते. जे कोर्टाला करता येत नाही, ते वारसांना आपल्या खुशीने करता येते. त्यांना एवढेच सांगायचे आहे.