परवानगीचा त्रास गेला, पण घर नीट बांधलंय हे बघणार कोण?

घर बांधताय? ‘स्क्वेअर फुटाचा दर काय?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. त्याआधी विचारायचे प्रश्न आणि साइटवर स्वतः करता येतील अशा तपासण्या.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही कागलमधल्या घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या. स्लॅबच्या दिवशी मी रजा काढून उभी होते. मिक्सरमधून येणारा माल आमटीसारखा पातळ दिसत होता. मी विचारलं, तर गवंडी म्हणाला, ‘‘ताई, पाणी घातल्याबिगर माल सरकत न्हाई ओ.’’ मी इंजिनिअर आहे, पण मेकॅनिकल. गप्प बसले.

चौथ्या दिवशी नात्यात लग्न निघालं. सगळे इचलकरंजीला गेलो आणि स्लॅबवर पाणी मारायला कोणी राहिलं नाही. सेंट्रिंग काढल्यावर खालून दोन ठिकाणी सळई उघडी दिसली. त्यावर गिलावा चढवला गेला. पहिल्याच पावसाळ्यात छत गळायला लागलं. तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचे सगळे पैसे देऊन झाले होते. फोन उचलणं बंद झालं. करारनामा? तो कधी केलाच नव्हता.

चूक फक्त कॉन्ट्रॅक्टरची होती असं मी म्हणणार नाही. आम्ही काय तपासलं, याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे.

नियम काय बदलला?

राज्यात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्याच महिन्यात तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आणि कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागासाठी मोठा दिलासा जाहीर केला. सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला नगररचनाकाराकडे जाण्याची गरज उरली नाही.

त्यातही सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे १५० चौरस मीटरपर्यंत, मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा प्लॅन आणि तो नियमानुसार असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीला द्यायचं, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. त्यापुढे ३,२०० फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनेच १० दिवसांत परवाना द्यायचा.

निर्णय चांगलाच आहे. दोन खोल्यांसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे मारायला लावणं हा अन्यायच होता. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. अभियंत्याचं ते प्रमाणपत्र नकाशाचं असतं. घर नकाशाप्रमाणे आणि मजबूत बांधलं जातंय का, हे बघायला साइटवर कोणी येणार नाही. परवानगी सोपी झाली, त्याच मापाने आपली जबाबदारी वाढली.

गंमत बघा. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान मिळतं. त्याचे हप्ते सोडण्याआधी पाया, जोतं, छत अशा टप्प्यांचे जिओ-टॅग केलेले फोटो घेतले जातात. आपण मात्र स्वतःचे वीस-पंचवीस लाख घालतो आणि एकही फोटो काढत नाही. काढलाच तर तो वास्तुशांतीचा!

दराच्या आधी विचारायचे प्रश्न

‘अमुक रुपये स्क्वेअर फूट’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्यात काय धरलंय, ते महत्त्वाचं. हे प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या:

• पाया किती खोल धरला आहे? जास्त खोदावं लागलं तर जादा पैसे कोण देणार?
• जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, चेंबर दरात आहेत का?
• सिमेंट, सळई कोणत्या प्रकारची? वाळू की क्रश सँड?
• काम कोणत्या टप्प्याला किती टक्के पैसे?

पैसे टप्प्यानेच द्या: पाया, जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फिनिशिंग. शेवटचे ५ ते १० टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा आणि लिहा. चांगला कॉन्ट्रॅक्टर याला नाही म्हणत नाही. तो नाही म्हणाला, तर ते कळणंही फायद्याचंच आहे.

पाया: जमीन बघा, शेजाऱ्याचं घर बघू नका

दूधगंगा-वेदगंगेच्या काठची काळी जमीन उसाला सोन्यासारखी, पण पायाला तापदायक. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरच्या माळाला मुरूम लवकर लागतो. त्यामुळे ‘शेजाऱ्याचा पाया चार फूट, आपलाही चारच’ हा हिशेब चालत नाही. काम ठरवण्याआधी प्लॉटवर एक-दोन खड्डे घेऊन काळी माती कुठे संपते ते बघा. काळी खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलसारखा उपाय लागतो. तो गवंड्याने ठरवायचा नसतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचा असतो.

नदीजवळ प्लॉट असेल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा तपासा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर नको. दोन रेषांच्या मधे जोत्याच्या उंचीची अट लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे गल्लीतली म्हातारी माणसं भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. जोत्याची उंची ठरवताना तेही विचारात घ्या.

जुन्या घरावर मजला चढवताय?

कागलच्या जुन्या पेठेत दगड-मातीच्या भिंती आणि कौलारू छपरं अजून आहेत. छप्पर काढून त्या भिंतींवर थेट स्लॅब टाकायचा मोह होतो. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जड दगड आणि मातीच्या भिंतींनीच सर्वाधिक बळी घेतले. भूकंप आपल्याला परका नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जुन्या भिंतीवर नवं वजन टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या.

सळई: काट्यावर घाला

सळईचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. उत्तर येतं एका मीटरचं वजन, किलोत. १२ मीटर लांबीच्या एका सळईचं वजन असं:

• ८ मिमी: सुमारे ४.७ किलो
• १० मिमी: सुमारे ७.४ किलो
• १२ मिमी: सुमारे १०.७ किलो
• १६ मिमी: सुमारे १९ किलो

थोडा फरक मानकातही मान्य आहे. पण दहा सळया एकत्र तोलून वजन बरंच कमी भरलं, तर माल उतरवून घेऊ नका. तो स्लॅबमध्ये गेल्यावर भांडून उपयोग नाही.

सळया बांधून झाल्या की खाली कव्हर ब्लॉक आहेत का बघा. स्लॅबला किमान २० मिमी, कॉलमला ४० मिमी आणि फूटिंगला ५० मिमी काँक्रीटचं आवरण लागतं. ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा सरकवलेला चालत नाही. आवरण कमी पडलं की दमट हवा सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. आमच्या छताला सळई उघडी पडली होती ती यामुळेच.

काँक्रीट: बादल्या मोजा

आरसीसी कामाला किमान एम-२० काँक्रीट लागतं. साइटवरचं नेहमीचं प्रमाण १:१.५:३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफूट भरते. त्या मापाचा लाकडी फर्मा करून घ्या. घमेल्याचा अंदाज सकाळी वेगळा असतो आणि दुपारी चारला, माणसं दमल्यावर, वेगळा.

पाण्याची मर्यादा एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच धरायचं. बादली किती लिटरची आहे ते आधी मोजा आणि मिक्सरपाशी घरचं एक माणूस उभं करा. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्यातूनच छत गळतं. माल सरकत नसेल तर इंजिनिअरला विचारून प्लास्टिसायझर वापरा, व्हायब्रेटर लावा. पाणी वाढवणं हा उपाय नाही.

गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट स्लॅबला घालू नका.

पाणी मारणं: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

आपल्याकडे बहुतेक पीपीसी सिमेंट वापरलं जातं. त्याला किमान १० दिवस ओलावा हवा, आणि उन्हाळ्यात १४ दिवस. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. कॉलमला ओली पोती गुंडाळा. दिवसातून दोनदा पाइप फिरवणं पुरेसं नाही, कारण मे महिन्याच्या उन्हात ते तासाभरात सुकतं. ही कामगिरी घरातल्या एका माणसाच्या नावावर करा. आमच्याकडे ती सगळ्यांची होती, म्हणून कोणाचीच नव्हती.

सेंट्रिंगचे टेकू काढायची घाई करू नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमला लांबीनुसार १४ ते २१. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत, पीपीसीला जास्त वेळ द्या. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. त्याची अडचण खरी आहे, पण तुमचा स्लॅब त्यावर ठरू नये.

मोबाइलचा खरा उपयोग

फूटिंगच्या सळया, स्लॅबच्या सळया, भिंतीत गाडलेले पाइप आणि वायरिंग झाकण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढा. पुढे भिंतीला ड्रिल मारताना याच फोटोंमुळे पाइप वाचतो. बाथरूमच्या टाइल्स बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून ओल येते का बघा. वायरिंगमध्ये नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या. ती पेटी कोणी बघायला येत नाही, पण जीव तीच वाचवते.

‘इंजिनिअरची फी कुठनं आणू?’

हा प्रश्न खरा आहे. महिन्याच्या पगारावर आणि उसाच्या बिलावर घर बांधणाऱ्याला प्रत्येक हजार मोजावा लागतो. म्हणून एक हिशेब मांडते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गोणीची मूळ किंमत ३०० रुपये धरली, तर करासह ३८४ ऐवजी ३५४ रुपये होतात. गोणीमागे ३० रुपये वाचले. हजार फुटांच्या घराला ढोबळ अंदाजाने ४०० गोण्या लागतात. म्हणजे १२ हजार रुपये. कराची ही सवलत बिलात उतरली आहे का ते दुकानदाराकडून आधी तपासून घ्या, आणि ते पैसे एलिव्हेशनच्या लाइटवर न घालता इंजिनिअरच्या पाच भेटींसाठी बाजूला ठेवा:

१. पाया खोदून झाल्यावर
२. फूटिंग आणि कॉलमच्या सळया बांधल्यावर
३. जोत्याच्या वेळी
४. स्लॅबच्या सळया बांधल्यावर, काँक्रीटच्या आधी
५. स्लॅबच्या दिवशी

पूर्ण वेळची देखरेख परवडणार नाही, मान्य. पण या पाच वेळा जाणकार डोळा फिरला, तर नंतर दुरुस्त न होणाऱ्या बहुतेक चुका वेळेत सापडतात. रंग, टाइल्स, पीओपी दहा वर्षांनी बदलता येतात. पाया आणि स्लॅब बदलता येत नाहीत.

ग्रामपंचायतीला काय करता येईल?

परवानगीची जुनी किचकट पद्धत परत आणा, असं माझं म्हणणं नाही. पण शुल्काची पावती देताना ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेने मराठीत छापलेला एक कागद सोबत द्यावा. त्यावर वरच्या तपासण्या आणि पाच टप्पे असावेत. मालकाने प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि अभियंत्याची सही जोडून तो कागद घरपट्टीच्या नोंदीच्या वेळी परत द्यावा. नवा अधिकारी नको, नवं खातं नको. घरकुलाला फोटो लागतो, तर इतर घरांनाही लागू दे.

आमच्या स्लॅबवर यंदा पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं. गळती थांबली आहे. पण आतली सळई किती गंजली आहे, हे बाहेरून दिसत नाही. जोराचा पाऊस लागला की आई अजूनही रात्री उठून छताला हात लावून बघते.

पाच भेटींची फी तेव्हा आम्हाला जास्त वाटली होती.