बोरासची संक्रांत

५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये प्रजासत्ताक आले आणि राजा दुसरा मॅन्युएल परागंदा झाला, हे आपण इतिहासाच्या पेपरात बिनचूक लिहितो. पण आपल्या भोपाळची नवाबी कशी संपली, हे किती जणांना सांगता येईल? १४ जानेवारी १९४९ रोजी नर्मदाकाठी बोरास येथे संक्रांतीची जत्रा भरली होती. विलीनीकरणासाठी तिरंगा फडकविणाऱ्या तरुणांवर संस्थानी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. छोटेलाल, धनसिंह यांच्यासारखे तरुण हुतात्मा झाले. १ जून १९४९ रोजी केंद्र सरकारने संस्थानचा कारभार हाती घेतला. लिस्बन जरूर पाठ करावे. पण यंदा तिळगूळ वाटताना बोरासचीही आठवण काढू या. एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.