झाडाला ऊब हवी की गारवा?

स्टार मॅग्नोलियाचे छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. झुडपावर पान एकही नाही, पण फांद्या चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या! हे झुडूप मूळचे जपानचे. होन्शू बेटावर इसे उपसागराभोवतीच्या टेकड्यांत, ओलसर, झऱ्याकाठच्या जमिनीत ते आपोआप उगवते. आज इंग्लंड-अमेरिकेतील अनेक घरांच्या बागांत ते हौसेने लावतात. आपल्याही अंगणात ते असावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु झाड निवडताना फुलाच्या रूपाआधी त्याचे तापमानाचे गणित पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे गणित दोन पायऱ्यांचे आहे. स्टार मॅग्नोलियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि केसाळ आवरणात हिवाळाभर झोपून राहतात. आधी पुरेशी थंडी, मग ऊब, अशा क्रमानेच त्या जाग्या होतात. नुसती ऊब त्यांना पुरत नाही.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. हे झुडूप दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत लावू नये, असे थंड देशांतील जाणकार सांगतात. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातले ऊन दक्षिणेकडून येते, त्यामुळे अशी भिंत चांगली तापते. मग थंडीने कुडकुडणाऱ्या झाडाला ही जागा चांगली नव्हे काय? नव्हे! भिंतीच्या उबेने कळ्या वेळेआधीच उमलतात. पुढे एखादी निरभ्र रात्र येते. पाकळ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि ती परत पाठवायला वर ढग नसतात. पाकळीचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही खाली जाते, तिच्यातले पाणी गोठते, पेशी फुटतात. सकाळी पांढरी फुले तपकिरी झालेली दिसतात. झाड मरत नाही, पण वर्षाचा बहर एका रात्रीत जातो. खोलगट जागीही हाच धोका असतो, कारण थंड हवा जड असल्याने उतारावरून वाहत येऊन तेथे साचते. म्हणून या झाडाला थोडी उशिरा तापणारी आणि किंचित उंचावरची जागा मानवते. माया करणे म्हणजे नेहमी ऊब देणे नव्हे!

आपल्याकडे अडचण नेमकी उलटी आहे. नागोया शहराचे जानेवारीतील सरासरी तापमान सुमारे ५ अंश सेल्सियस असते. पुण्यात त्याच महिन्यात पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला, तरी दुपारी ३० च्या आसपास चढतो. मुंबईत तर तेवढाही गारवा नाही. येथे कळ्यांना पहिली पायरीच नीट चढता येणार नाही. कोणी म्हणेल, कुंडीत बर्फ घालू. पण त्याने माती गार होईल, कळी तर हवेत आहे. कोणी शीतगृह सुचवील. चार फुलांसाठी महिनोन् महिने वीज जाळणे मला पटत नाही.

मग हौस मारायची काय? मुळीच नाही. आपला सोनचाफा हा याच मॅग्नोलिया प्रजातीतला आहे. पूर्वी त्याला ‘मिचेलिया चंपका’ म्हणत, आता वनस्पतिशास्त्रज्ञ ‘मॅग्नोलिया चंपका’ म्हणतात. तो सदाहरित आहे, थंडीच्या झोपेची त्याला गरज नाही, आणि सुगंधाबद्दल तर सांगायलाच नको. सर्वच चाफे मात्र त्याचे भाऊबंद नाहीत. देवळापाशी दिसणारा पांढरा चाफा अमेरिका खंडातून आला आणि त्याचे कुळ वेगळे आहे.

शिक्षकांना एक विनंती. हिवाळ्यातील एका निरभ्र रात्री दोन सारखे तापमापक गवतावर ठेवून पाहावेत, एक उघड्यावर आणि दुसरा मांडवाखाली किंवा दाट झाडाखाली. पहाटे दोन्हींची नोंद घ्यावी. ढगाळ रात्री तोच प्रयोग पुन्हा करावा. जवळपास सोनचाफा असल्यास त्याच्या फुलण्याच्या तारखाही वर्षभर टिपाव्यात. रोप आणायला जाण्यापूर्वी अशी वही हाताशी असली, तर पैसे वाया जाणार नाहीत आणि बिचारे रोपही नाहक मरणार नाही.